सातव्या डब्यातला समुद्र

१

पेटीत पुठ्ठ्याचे बारा डबे होते. प्रत्येक डब्यात टेपची एक चकती, प्रत्येक डब्यावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी. त्याखेरीज पेटीच्या तळाला दोन टाचण्या, कुणाच्या तरी शर्टाचं एक बटण आणि सुकून चामडं झालेली एक पाल. बारापैकी अकरा चकत्यांच्या टेपचं बाहेरचं टोक लाल होतं. सातवीचं हिरवं.

मी हे सगळं वहीत लिहिलं. पालीचं वजनसुद्धा.

"काटेबाई, पाल कुठे जमा करणार?" मामांनी विचारलं. "समुद्रात, नाटकात की रेडिओत?"

मामा आमच्या दप्तराचे भांडारपाल. येणारी प्रत्येक वस्तू मी आधी तराजूवर ठेवते म्हणून हे नाव त्यांनीच मला दिलं होतं. दप्तरात तीन खोल्या आहेत. पहिलीत सागरी आयोगाच्या फायली: कुणी कुठवर मासे धरायचे, कुणाची हद्द कुठे संपते, कुठली बोट का बुडाली. दुसरीत एका दिवंगत नेपथ्यकाराची रेखाटनं आणि रंगमंचाच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती. तिसरीत गावाच्या बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या टेप. या तीन खोल्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी समजत होते.

त्या मंगळवारी टेबलापलीकडे तांडेलाची मुलगी बसली होती. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायचं काम करते. एकतीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची बोट सहा खलाशांसह बुडाली. वादळाचा इशारा रेडिओवरच्या सहा-दहाच्या बुलेटिनमध्ये दिला होता, तरी तांडेलाने बोट काढली, सबब दोष त्याचा, असा निकाल आयोगाने दिला. आयोग आता गुंडाळला जाणार होता. जुनी प्रकरणं फेरतपासणीला घेण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती, आणि नवा पुरावा असेल तरच अर्ज घेणार होते.

"इशारा दिला असेल तर मी गप्प घरी जाईन," ती म्हणाली. "पण मला तो माझ्या कानाने ऐकायचाय. आई एकतीस वर्षं धक्क्यावर गेलेली नाही. सहा घरं तोंड फिरवतात. आता तर ती अंथरुणाला खिळलीय."

केंद्रावरून जे जे प्रसारित व्हायचं, ते दुसऱ्या यंत्रावर नोंदवून ठेवत. त्या संध्याकाळची नोंद होती चकती क्रमांक सात. मी ती यंत्रावर चढवली आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. ती हलली नाही. मी दुसरा हेडफोन लावला.

लाटा होत्या. नुसत्या लाटा. येत होत्या, फुटत होत्या, मागे जात होत्या. माणसाचा आवाज एकही नाही.

वडील ज्यात गेले तो समुद्र तिने पूर्ण बत्तीस मिनिटं ऐकला. मग हेडफोन काढून पुसला आणि टेबलावर ठेवला.

"इशारा कुठाय?" तिने विचारलं.

मी मामांकडे पाहिलं. रेडिओच्या खोलीची किल्ली एकच आहे. ती त्यांच्या कमरेला असते.

२

दप्तराच्या प्रमुख मॅडमनी सहा-दहांना बोलावून घेतलं. ते त्या केंद्राचे निवेदक. बरोब्बर सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा आवाज यायचा आणि लोक घड्याळं लावायचे, म्हणून हे नाव. आता शहात्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या टेप इथे आल्या तेव्हा त्यांनीच आपणहून येऊन, पैसा न घेता, त्यांची यादी केली होती.

"सातवी?" ते म्हणाले. आवाज अजून तसाच होता, खर्जातला, कुणावरही पांघरूण घालावं असा. "सातवी मी दोन वर्षांपूर्वी इथेच, याच खुर्चीत बसून ऐकली. इशारा स्पष्ट आहे. यादीत लिहिलंय मी तसं."

यादीत होतं: 'क्र. ७. सागरी बुलेटिन. इशारा स्पष्ट.'

"म्हणजे दोन वर्षांत कुणीतरी बदलली," मॅडम म्हणाल्या.

"मी कोणावर बोट ठेवणार नाही," सहा-दहा म्हणाले, आणि मामांकडे न बघण्याची इतकी काळजी घेतली की सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

मामांचा चेहरा राखेसारखा झाला. "सरळ बोला की. माझा भाऊ त्या बोटीवर होता. बावीस वर्षांचा. गावाला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. तांडेलाच्या मुलीला होतं. ती खाली बघत होती.

"त्या तांडेलाला मी रोज शिव्या घालतो," मामा म्हणाले. "सकाळी दात घासताना घालतो. पण टेप मी चोरली नाही. चोरायची कशाला? इशारा त्यात होताच ना? मला तर ती हवीच होती."

बोलण्यात तथ्य होतं. पण मॅडम नियमाने चालणाऱ्या. त्यांनी हात पुढे केला. मामांना कडीतून किल्ली सुटता सुटेना. बावीस वर्षं त्या कडीतून एकही किल्ली निघाली नव्हती.

"काटेबाई," जाताना ते मला म्हणाले, "तुझ्या त्या काट्यावर माणूस मावतो का गं? मावत असेल तर मला तोलून घे. आत आलो तेव्हा जेवढा होतो तेवढा बाहेर पडत नाहीय."

३

बुधवारी बाहेर धुकं इतकं होतं की दुपारी बारालाही दिवे लावावे लागले. मी बाराही डबे पुन्हा उघडले. या वेळी चकत्या बाजूला ठेवून नुसते डबे पाहिले.

जुन्या टेपमधून वर्षानुवर्षं आंबट वाफ सुटते. तिने पुठ्ठा तपकिरी होतो. चकतीला जिथे खिडक्या असतात तिथे जास्त, जिथे ती भरीव असते तिथे कमी. त्यामुळे डब्याच्या तळाशी चकतीचं चित्र उमटतं. हे चित्र उमटायला किती काळ लागतो हे बघायला, दोन वर्षांपूर्वी मी स्वतः नव्या डब्यांत ठेवलेल्या पाच चकत्या काढल्या. पाचही डबे कोरे.

रेडिओच्या चकत्या धातूच्या, तीन मोठ्या खिडक्यांच्या. अकरा डब्यांत तीन पाकळ्यांचं फूल उमटलं होतं. सातव्यातली लाटांची चकती प्लॅस्टिकची, चार अरुंद फटींची. सातव्या डब्यात चार रेघा उमटल्या होत्या. पाकळ्यांची पुसटशी खूणही नव्हती.

मी पुठ्ठा भिंगाखाली तीनदा तपासला. त्या डब्यात ही चकती सोडून दुसरी कुठलीही कधी फार काळ राहिलेली नव्हती. ती दोन वर्षांपूर्वी बदललेली नव्हती. ती पहिल्यापासून तिथेच होती.

म्हणजे मामा सुटले. पण मग दोन वर्षांपूर्वी, याच खुर्चीत बसून, सहा-दहांनी ऐकलं काय?

मी लगेच मॅडमकडे गेले नाही. डाग दाखवून एका माणसाला सोडवता येतं. तांडेलाच्या मुलीला डागाचा उपयोग नव्हता. तिला टेप हवी होती.

दर बुधवारी नेपथ्यकाराच्या पत्नी येतात. त्यांना सगळे काकू म्हणतात. प्रतिकृतींवर नाटकाचं नाव आणि साल लिहायचं काम त्या करतात. ऐकून झाल्यावर होती तशी गुंडाळलेली प्लॅस्टिकची चकती मी त्यांच्यापुढे ठेवली.

"ही तर आमची," काकू चटकन म्हणाल्या. "आमच्या मंडळीत असल्याच वापरायचे. आणि बघ, हिरवं टोक वर आहे. प्रयोग संपला की ह्यांचा हुकूम, टेप गुंडाळून सुरुवातीला आणून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पडदा उघडला की बटण दाबलं, की लाटा."

"रेडिओवाले तसं करत नाहीत?"

"छे. त्यांची वाजून संपली की तशीच डब्यात. लाल टोक वर. परत ऐकायची असेल तेव्हा गुंडाळतात. हे त्यांच्यावर चिडायचे, 'आळशी लेकाचे' म्हणून. ते म्हणायचे अशीच टेप चांगली टिकते."

"रेडिओवाले तुमच्याकडे येत असत?"

"एकच. सहा-दहा. दोन नाटकांत पडद्यामागून बोलले, मग एकात पडद्यापुढेही आले. चांगला माणूस. हे गेल्यावरसुद्धा दर वर्षी यायचे चौकशीला. 'वहिनी, ते टेपांचं खोकं आवरून देऊ का?' म्हणायचे. मी कशाला देते? ह्यांच्या वस्तूला मी कुणाला हात लावू दिला नाही, म्हणून तर तुमच्याकडे दिल्या." त्या एका पुठ्ठ्याच्या महालावरची धूळ फुंकू लागल्या. "आयुष्यात सात महाल बांधले ह्यांनी. न्हाणीघराचं दार मात्र शेवटपर्यंत लागलं नाही."

मी ऐकत होते, पण खोक्याच्या शब्दावर थांबले होते.

४

नाटकाच्या खोलीत टेपच्या तेवीस चकत्या आहेत. गुरुवारी त्या उघडून बघण्याआधी मी माझी वजनांची वही काढली. गेल्या वर्षी दाखल करताना बावीस चकत्या दोनशे बावीस ते दोनशे एकतीस ग्रॅममध्ये भरल्या होत्या. एक भरली होती दोनशे त्र्याण्णव. डब्यावर लिहिलेलं होतं, 'दुसरा अंक. समुद्र.' तेव्हा मी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि विसरून गेले होते.

डबा उघडला. आत धातूची चकती. तीन खिडक्या. टोक लाल.

तेवीस चकत्यांत हे एकच लाल टोक होतं. नाटकवाल्यांपैकी कुणी ती वाजवायला घेतली असती तर गुंडाळून ठेवली असती. म्हणजे केंद्रावर जशी भरली तशी ती इथे आली, आणि एकतीस वर्षांत ती कुणी वाजवली नाही.

टेपचं टोक बोटाने उचललं तेव्हा ते आधी हललंच नाही. मग गोंद सुटावा तसं सुटलं आणि बोटावर तपकिरी भुकटी राहिली. या बनावटीची टेप हवेतलं पाणी पिते आणि चिकट होते. तशीच यंत्रावर चढवली तर आवाज टेपवरून खरवडून निघतो. एकदाच ऐकू येतो, तोही अर्धा.

यावर उपाय एकच: पन्नास अंशांवर आठ तास मंद ऊब द्यायची. जमलं तर टेप काही दिवस वाजण्याजोगी होते. नाही जमलं तर संपली.

मी मॅडमना डाग, टोक आणि वजन दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"उद्या शेवटचा दिवस," त्या म्हणाल्या. "सकाळी सहाला ठेव. आणि मामांना फोन कर."

"काय सांगू?"

"सांग, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मला ती जड होतेय."

त्याच संध्याकाळी मी नेपथ्यकाराची प्रकाशयोजनेची वही उघडली. तो रोज कुठला दिवा कधी लावला ते लिहून ठेवायचा. बोट बुडाली त्या तारखेचं पान सापडलं. मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसले.

५

शुक्रवारी सकाळी सहाला चकती उबवणीच्या कपाटात गेली. मी बोलावल्यावरून दहाला सहा-दहा आले. मी त्यांना कपाटाशेजारच्या स्टुलावर बसवलं. काचेतून चकती दिसत होती.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"लाल टोक," ते म्हणाले. "मी तशीच ठेवली होती का? हाताची सवय."

मी वहीचं पान त्यांच्यापुढे केलं. 'पाच चाळीस ते सात वीस. दुसरा अंक, दिव्यांची चाचणी. जागेवर उभा: सहा-दहा. सहा वाजून दहाला निळा दिवा उडाला. सहा-दहाने घड्याळ पाहिलं.'

"एवढंही लिहिलं होतं का त्याने," ते हळूच म्हणाले. "पडद्यापुढे उभं राहायचं होतं मला. आयुष्यभर लोकांनी नुसतं ऐकलं, एकदा बघावं असं वाटलं. तंत्रज्ञाला म्हटलं, कालचंच बुलेटिन लाव, समुद्र काय रोज बदलतो? सहाला दहा कमी असताना फोन आला. त्याने इशारा कागदावर उतरवून माझ्या टेबलावर ठेवला. वाचायचं काम माझं, म्हणून तो वाट बघत बसला. साडेसातला मी परत आलो तेव्हा कागदावर पेपरवेट होता."

"बोट साडेसहाला निघाली."

"हो."

"आणि आयोगाला इशाऱ्याचा टाइप केलेला मजकूर पाठवलात तो?"

"तो मी त्या कागदावरून केला. शब्द न् शब्द खरा होता. फक्त कुणाला ऐकवलेला नव्हता." त्यांनी वहीचं पान मिटलं. "आयोगाने केंद्रातल्या टेप सीलबंद करायला सांगितल्या. आदल्या दिवशी मी नाटकाच्या खोक्यातून लाटांची चकती उचलली आणि सातव्या डब्यात ठेवली. सातवी त्या खोक्यात."

"नाटकवाल्यांना लाटा लागल्या नाहीत?"

"सात तिरड्या उठलेल्या गावात समुद्राचं नाटक कोण करणार? पडदा उघडलाच नाही पुन्हा. तंत्रज्ञही पुढच्या वर्षी वारला. म्हणजे माहीत असलेला मी एकटा."

"पुसून का नाही टाकलीत?"

"आधी हिंमत नव्हती, मग संधी नव्हती," ते म्हणाले. "आणि प्रसारणाची नोंद पुसायची नसते. पहिल्या दिवशी शिकवतात ते."

दारात पावलं वाजली नव्हती, पण मामा तिथे उभे होते. कधीपासून, ते कळलं नाही. किल्ली हातात होती.

"तुम्ही मंगळवारी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत," मामा म्हणाले.

सहा-दहा स्टुलावरून उठू लागले.

"राहू द्या," मामा म्हणाले. "तुमचं ऐकून ऐकून तर ही गत झाली." मग माझ्याकडे वळले. "किती वेळ अजून?"

"तीन तास पन्नास मिनिटं."

त्यांनी भिंतीला टेकलेली एक खुर्ची ओढली, सहा-दहांकडे पाठ केली आणि कपाटासमोर बसले. तिघंही बसून राहिलो. थर्मामीटर पन्नासवर होता.

६

दोनला चकती बाहेर काढली, थंड होऊ दिली, अडीचला उलट बाजूने अगदी सावकाश गुंडाळली. टेप सुटत होती. तांडेलाची मुलगी दुकानातून तशीच आली होती. नखांत काच घासायची पांढरी पूड होती. मॅडम अर्जाचा कागद घेऊन उभ्या. सहा-दहांना जा असं कुणी म्हटलं नाही, आणि ते गेले नाहीत.

मी मुलीकडे हेडफोन दिला. तिने मान हलवली.

"सगळ्यांना ऐकू दे," ती म्हणाली.

मी आवाज खोलीत सोडला. आधी खरखर, मग वेळेचे ठोके, मग एकतीस वर्षांनी तरुण असलेला तो आवाज. शेवटचं वाक्य आलं, "समुद्र शांत राहील, सांभाळून जा," आणि त्यानंतर जाहिरात लागली.

मामा उठले. मुलीसमोर जाऊन उभे राहिले. दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती.

"तुझ्या आईला," ते म्हणाले, आणि अडले. "संध्याकाळी घरी आहे का ती?"

"ती कुठे जाणार, मामा?"

"मग येतो. नाही म्हणाली तर पायरीवर बसेन."

मॅडमनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. पुराव्याच्या रकान्यात फक्त मोजलेलं लिहायचं, मत लिहायचं नाही, असा आयोगाचा नियम आहे. चार वाजायला वीस मिनिटं होती. मी लिहिलं:

'चकती क्रमांक सात. धातूची, तीन खिडक्यांची. वजन ऊब देण्याआधी २९३ ग्रॅम, नंतर २९२. ध्वनिमुद्रण ३१ मिनिटं ४० सेकंद. पैकी सागरी बुलेटिन ३ मिनिटं ४८ सेकंद. पैकी वादळाचा उल्लेख ० सेकंद.'